फादर रुमाव गप्प का बसले

बुधवार, १२ मार्च १९८६. सकाळी धुकं, नंतर उकाडा. गरम पाण्याची टाकी गळते आहे, खाली पातेलं ठेवलं. ते सांगायला संजीवच्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, या नावाचं इथं कुणी नाही, जानेवारीपासूनच नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पडवळ मिळालं नाही म्हणून झुकिनीची भाजी. संजीव सहाला आला. ऑफिस कसं होतं, विचारलं. "बिझी," म्हणाला.

पद्मिनीबाई चोळकरांनी एवढं लिहून पेनाला टोपण लावलं आणि लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं. वाक्यं सगळी बरोबर होती, पण ती एकमेकांना धरून बसत नव्हती. जो ऑफिसात नाही तो ऑफिसात बिझी कसा? बरं, रोज सकाळी हा मुलगा इस्त्रीचा शर्ट घालतो, टाय लावतो, मिनीच्या गालाची पापी घेतो आणि गाडी काढतो, ते सगळ्यांनी पाहिलेलं. मग तो जातो तरी कुठं?

पद्मिनीबाई मूळच्या नागपूरच्या. यजमान गेल्यावर तीन वर्षांपूर्वी त्या टेक्सासात, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला, मुलाकडे आल्या. संजीव तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. सून रेखा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. नात मृणालिनी, म्हणजे मिनी, तिसरीत. घर चांगलं, पुढं हिरवळ, मागं अंगण. पण त्या वर्षी तेलाचा भाव असा काही कोसळला, की गल्लीत दर चार घरांमागं एकावर 'विकणे आहे'ची पाटी लागली होती. काही लोक तर पाटीसुद्धा न लावता घराच्या किल्ल्या टपालाच्या पेटीत टाकून, बँकेनं घर घ्यावं म्हणून, निघून गेले होते. नोकरी गेली असेल तर त्यात संजीवचा काय दोष? हे पद्मिनीबाईंना कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की तो दिवसभर करतो काय. टाय लावलेला माणूस एकटाच गाडीत बसून कुठल्यातरी तळ्याच्या काठी पाण्याकडं बघत असेल, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं यायचं आणि हातातली पोळी करपायची.

रेखाला सांगावं तर नवराबायकोत आपण काडी टाकल्यासारखं होईल. मराठी मंडळातल्या बायकांना सांगावं तर पाडव्याच्या आत ह्यूस्टनभर होईल. आणि संजीवला? मुलानं इतक्या कष्टानं झाकलेलं आईनंच त्याच्यासमोर उघडं करायचं? त्यांची जीभ उचलेना. राहिले एकटे फादर रुमाव.

फादर पास्कोल रुमाव त्यांना भेटले ते किराणा दुकानात. पद्मिनीबाई केळ्यांच्या ढिगासमोर उभ्या राहून स्वतःशीच पुटपुटत होत्या, "केळी कसली ही, मेणाची खेळणी नुसती." मागून एक आवाज आला, "बाई, वसईची सुकेळी खाल्लेल्या माणसानं इकडं बघूसुद्धा नये." वळून पाहतात तर पांढरी कॉलर लावलेला, टक्कल पडलेला, सावळा माणूस, आणि त्याच्या ढकलगाडीत ब्रेडच्या लाद्यांचा डोंगर.

त्या दिवसापासून ते पद्मिनीबाईंचे 'फादर' आणि त्या त्यांच्या 'मावशी'. नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या असल्यामुळं पद्मिनीबाईंना मिस्सा म्हणजे काय, उपवासकाळ कधी, ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार कधी, हे सगळं माहीत. मराठीत बोलायला माणूस मिळाला म्हणून फादर खूश, आणि देवाधर्माचं न शिकवता कुणीतरी पाद्री आपल्याशी केळ्यांवर तासभर बोलतो म्हणून पद्मिनीबाई खूश.

फादरांचा जन्म आगाशीजवळच्या एका वाडीतला. वडिलांची पानवेल आणि केळीची बाग, घरात नऊ भावंडं. सेमिनरीतून बाहेर पडले, काही वर्षं तिकडंच काढली, आणि मग टेक्सासच्या बिशपांना माणसं कमी पडत होती म्हणून इकडं आले. आल्यावर कळलं, की चर्चला येणारे निम्मे लोक स्पॅनिश बोलतात. तेव्हा आधी स्पॅनिश शिकले. "इथलं इंग्रजी मला अजून पुरतं कळत नाही, मावशी," ते सांगत. "अर्ध्या वेळेला नुसती मान हलवतो. लोक म्हणतात, फादर फार समजूतदार."

चर्चच्या मागं एक लांबट हॉल होता. बेकऱ्यांकडून उरलेला ब्रेड, दुकानांतून डबे, टाकून गेलेल्या घरांतल्या गाद्या आणि खुर्च्या, असं काहीबाही जमवून फादर तिथून गरजूंना वाटत. पण वाटायची त्यांची तऱ्हा न्यारी होती. रांग लावायची नाही, नाव लिहायचं नाही. मदत मागायला जो येईल त्यालाच ते म्हणायचे, "बरं झालं आलात, आम्हाला ड्रायव्हरच मिळत नाही." आणि त्याच्या हातात चारपाच घरांचे पत्ते ठेवायचे. नियम एकच. पहिली पिशवी आपल्या स्वतःच्या गाडीत ठेवायची, बाकीच्या पोचवायच्या. त्यांची आई तशीच करायची म्हणे. शेजारणीला भाजी द्यायची असली की म्हणायची, "एवढी त्या पलीकडच्या घरी नेऊन दे गं, आणि त्रास झाला म्हणून अर्धी तू ठेव."

पद्मिनीबाई मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तिथं कांदे चिरायला जात. शेजारच्या मिसेस ओर्तेगा त्यांना गाडीनं नेत-आणत. पहिल्या दिवसापासून बाईंचा गोंधळ होता.

"फादर, यातले गरीब कोण आणि वाटणारे कोण?"

"मलाही नेमकं आठवत नाही," फादर म्हणाले.

"पण सगळ्यांकडं गाड्या आहेत! गाडी आहे आणि खायला नाही, हे कसं?"

"मावशी, या देशात गाडी शेवटी जाते. आधी फर्निचर जातं, मग बायको रागावते, मग घर जातं, मग गाडीत झोपतात."

असा हा माणूस. परक्यांसाठी गाद्या वाहणारा. तो आपल्या संजीवसाठी काहीतरी केल्याशिवाय राहणार नाही, अशी पद्मिनीबाईंची खात्री होती. प्रश्न एवढाच होता, की त्यांना एकटं गाठायचं कुठं. हॉलमध्ये सतत दहा माणसं. घरून फोन करावा तर मिनी दुसऱ्या फोनवरून ऐकणार. उपवासकाळ संपत आलेला, ईस्टर तोंडावर, फादर सकाळपासून रात्रीपर्यंत धावत होते. एका ठिकाणी मात्र ते हमखास एकटे सापडायचे. शनिवारी दुपारी, कन्फेशनच्या, म्हणजे लोकांच्या पापांची कबुली ऐकायच्या, लाकडी खोक्यात.

कॉन्व्हेंटात असताना ख्रिस्ती मुली त्या खोक्यात जाऊन यायच्या तेव्हा पद्मिनीबाई आणि इतर हिंदू मुली बाहेर बाकावर बसून नीतिशिक्षणाचा धडा वाचायच्या. आत काय होतं याचं त्या वयात फार कुतूहल होतं. पण शनिवारी त्या रांगेत उभ्या राहिल्या ते कुतूहलापोटी नव्हे. पोस्टात जसं खिडकीपाशी उभं राहावं तशा त्या उभ्या राहिल्या. पुढं दोन मेक्सिकन बायका, मागं एक खोकणारे म्हातारे गृहस्थ.

नंबर आला. आत गुडघे टेकायला फळी होती. पद्मिनीबाईंनी ती हातानं चाचपली, कसंबसं टेकल्या, आणि जाळीशी तोंड नेऊन म्हणाल्या, "फादर, मी पद्मिनी."

पलीकडून दबक्या आवाजात, "मावशी? तुम्ही इथं कशा?"

"मला बोलायचंय. बाहेर माणसं असतात."

"पण मावशी, ही जागा..."

"जागा मला माहीत आहे, फादर. मी कॉन्व्हेंटची आहे. तुम्ही ऐका फक्त."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. फोनचं, टायचं, 'बिझी'चं, तळ्याचं. बोलता बोलता रडूही आलं थोडं. "तुम्ही काहीतरी करा. त्याला गाठा, समजवा, कामाला लावा. तो काही वेडंवाकडं करून बसला तर मी रेखाला काय तोंड दाखवू?"

जाळीपलीकडं इतका वेळ कुणी बोललं नाही, की आत माणूस आहे की नाही अशी शंका यावी. मागचे गृहस्थ दोनदा खोकले. शेवटी फादर म्हणाले, "देव तुम्हाला बळ देवो, मावशी. सावकाश उठा, फळी घसरते."

बस. एवढंच.

तरी पद्मिनीबाई हलक्या मनानं घरी आल्या. आता फादर बघतील. मंगळवारी हॉलमध्ये गेल्या तेव्हा त्यांनी फादरांच्या चेहऱ्याकडं आशेनं पाहिलं. फादर मटारचे डबे रचत होते.

"फादर, मग? त्याचं काही?"

"कुणाचं?"

"अहो, शनिवारी मी..."

"शनिवारी मी पुष्कळांना भेटतो, मावशी. कांदे आहेत ना पुरेसे?"

हा माणूस विसरला? की विसरल्याचं सोंग करतोय? सोंग म्हणावं तर चेहरा पाटीसारखा कोरा. गुरुवारी त्यांनी निराळ्या बाजूनं डिवचून पाहिलं.

"आजकाल पुष्कळ इंजिनिअर बेकार झालेत म्हणे."

"हो ना, फार वाईट," फादर म्हणाले, आणि उगाचच वसईच्या केळ्यांच्या जाती सांगायला लागले. बसराई झाली, राजेळी झाली, भुरकेळी झाली. सांगताना डबा हातातून पडला, मटार सगळीकडं. फादर खाली वाकून वेचायला लागले ते वर बघेचनात. जाताना वर म्हणाले, "मावशी, तुम्ही आपल्या दुपारीच येत जा हं. सकाळी नका येऊ. सकाळी आमच्याकडं हात पुष्कळ असतात."

सकाळी येते असं म्हणालं होतं कोण? पद्मिनीबाईंच्या डोक्यात नुसता गुंता झाला. अनोळखी माणसाच्या गाद्या खांद्यावरून वाहतो आणि ओळखीच्या बाईचं पोर बुडतंय तर केळी मोजतो! आपण हिंदू म्हणून तर नव्हे? छे, हॉलमध्ये निम्मे लोक कुठल्या धर्माचे ते फादरांना ठाऊकही नसतं. मग आपण काही चुकीचं बोललो? त्या खोक्यात बोलल्याचा राग आला असेल? घरी संजीव रोजच्यासारखा सहाला येत होता. खांद्यावर कसलीशी पांढरी भुकटी. विचारावं तर म्हणायचा, "साइटवर गेलो होतो." कुठली साइट, आणि कुणाची?

झावळ्यांच्या रविवारी त्यांना डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सोमवारी सकाळी मिसेस ओर्तेगांच्या दारावर त्या जाऊन उभ्या राहिल्या. "टुडे मॉर्निंग," त्या म्हणाल्या. मिसेस ओर्तेगांनी त्यांचा चेहरा बघितला आणि काही न विचारता किल्ल्या उचलल्या.

हॉलच्या मागच्या अंगणात फादर एकटेच रिकामे क्रेट धूत होते. पद्मिनीबाईंना बघून त्यांच्या हातातला पाण्याचा पाइप बुटांवर वळला.

"मावशी! अहो, सकाळी कशाला? चला, मी तुम्हाला घरी सोडतो."

"मी आत्ताच आलेय."

"हो, पण ऊन आहे. चला, चला."

"फादर, मी कुठंही जाणार नाही. माझ्या मुलाची नोकरी गेलीय. तो घरात खोटं बोलतो. मी तुम्हाला त्या खोक्यात जाऊन सगळं सांगितलं, आणि तुम्ही मला केळी ऐकवता! तुमची दया काय फक्त मेक्सिकोच्या लोकांना?"

फादरांनी पाइप बंद केला. मग कुणीतरी छातीवरचा दगड काढावा तसा एक लांब श्वास सोडला आणि उलट्या क्रेटवर बसले.

"आत्ता सांगितलंत. आता मी ऐकलं."

"म्हणजे? तेव्हा ऐकलं नव्हतं?"

"तेव्हा मी ऐकलं नाही. तिथलं बोलणं तिथंच राहतं, मावशी. ते मला बाहेर आणता येत नाही. तुमच्याशीसुद्धा त्याविषयी बोलता येत नाही. बोलणाऱ्यानं आपण होऊन बाहेर आणलं तरच."

कॉन्व्हेंटातल्या सिस्टर हे शंभरदा सांगायच्या. पण ते ख्रिस्ती मुलींसाठी होतं, अशीच पद्मिनीबाईंची आजवर समजूत.

"अहो, पण मी कुठं कॅथलिक आहे?"

"तुम्ही नाही. मी आहे ना."

पद्मिनीबाई म्हणाल्या, "बरं. आता तर बाहेर आणलं? मग सांगा, त्याचं काय करायचं?"

फादरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. टकलावरचा घाम पुसला. घड्याळाकडं बघितलं.

"आता दुसरीकडून अडलंय."

"दुसरीकडून म्हणजे?"

"म्हणजे एवढंच, की मला बोलता येत नाही. मावशी, खरंच, चला तुम्हाला सोडतो."

"तुम्ही काय बोलताय ते मला समजत नाहीये, फादर!"

"मलाही नाही," फादर काकुळतीला येऊन म्हणाले.

तेवढ्यात चर्चची जुनी स्टेशन वॅगन अंगणात शिरली. दार उघडून एक माणूस उतरला. इस्त्रीचा शर्ट, टायचं टोक दोन बटणांच्या मधून आत खोचलेलं, खांद्यावर ब्रेडच्या क्रेटचा पांढरा पिठाचा पट्टा. त्यानं मागचं दार उघडलं, रिकामे क्रेट उचलले, वळला, आणि तिथंच खिळला.

"आई?"

पद्मिनीबाईंना आधी वाटलं, तळ्याचं चित्र बघून बघून आपल्याला भास होतोय.

संजीवनं फादरांकडं पाहिलं. "फादर, तुम्ही प्रॉमिस केलं होतं..."

"मी एक शब्द बोललो नाही!"

"मग हिला कसं कळलं?"

"त्यांनीच मला सांगितलं."

"तिनं तुम्हाला? काय सांगितलं?"

"तेच, जे तू मला सांगितलंस!"

तिघंही एकमेकांकडं बघत उभी राहिली. मिसेस ओर्तेगा गाडीतून हे सगळं पाहत होत्या. भाषा कळत नसूनही त्यांनी छातीवर क्रूस काढला.

मग हळूहळू उलगडलं. जानेवारीत संजीवचा ले-ऑफ झाला. दोन दिवस तो खरोखरच गाडीतून नुसता हिंडला. तिसऱ्या दिवशी, आई रोज नाव घेते तो फादर तरी बघू म्हणून इथं आला. नोकरी मागायची होती, पण तोंडून भलतंच निघालं, "तुम्हाला ड्रायव्हर हवाय का?" तेव्हापासून तो रोज ब्रेड वाहत होता. दुपारी हॉलच्या टेबलावर बसून नोकरीचे अर्ज लिहीत होता. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मात्र लायब्ररीत जायचा, कारण आई कांदे चिरायला येणार. घरी सांगायचं नाही असं त्यानं फादरांकडून कबूल करून घेतलं होतं.

"आणि याच्या हिश्शाची पिशवी हा नेत नाही," फादर तक्रारीच्या सुरात म्हणाले. आता एकदाचं बोलता येत होतं तर किती बोलू असं त्यांना झालं होतं. "दोन महिने झाले, रोज दुसऱ्याला देऊन टाकतो. माझा नियम मोडणारा हा एकच!"

"ब्रेड घरी नेला असता तर रेखाला काय सांगितलं असतं?" संजीव म्हणाला.

"तुम्ही दोघांनी मला कुठं आणून ठेवलं होतंत, कल्पना आहे?" फादर म्हणाले. "सकाळी मुलगा, दुपारी आई. इकडचं तिकडं सांगता येत नाही, तिकडचं इकडं. मी रोज देवाला म्हणायचो, या दोघांपैकी एकाला तरी राग येऊ दे."

पद्मिनीबाई क्रेटवर बसल्या. रडावं की ओरडावं ते कळेना. मुलगा जिवंत होता, समोर होता, कामात होता. ज्याला कामाला लावा म्हणून त्या गुडघे टेकून रडल्या होत्या, तो आधीपासून कामालाच होता. मग त्यांनी मागितलं ते फादरांनी केलं, की केलं नाही? आणि त्या खोक्यात ऐकताना पलीकडं बसलेल्या त्या माणसाच्या जिवाची काय घालमेल झाली असेल!

"आई, रागावलीस?" संजीवनं विचारलं.

"मला माहीत नाही रे," त्या म्हणाल्या. "पण रेखाला आज सांगायचं. मी सांगणार नाही, फादर सांगणार नाहीत. तू सांगायचंस."

"ती चिडेल."

"चिडू दे. मी शेजारच्या खोलीत आहे."

संध्याकाळी संजीवनं सांगितलं. मिनीला अंगणात खेळायला पाठवलं, तरी ती जाळीच्या दाराला नाक लावून उभी होती. रेखानं इस्त्रीच्या टेबलाकडं बोट दाखवलं.

"म्हणजे दोन महिने मी शर्ट इस्त्री करतेय, ते ब्रेड वाहायला?"

"रेखा, ऐक..."

"नाही, मला फक्त एवढं सांग. टाय कशाला लावत होतास? ब्रेडला काय टाय लागतो?"

मग ती पद्मिनीबाईंच्या खोलीत आली. "आणि आई, तुम्हालाही माहीत होतं! म्हणजे त्या फादरला माहीत, अख्ख्या चर्चला माहीत, फक्त मलाच नाही! मी काय फाडून खाल्लं असतं याला?"

"मला बाराव्या तारखेला कळलं," पद्मिनीबाई म्हणाल्या. "म्हणजे निम्मंच कळलं होतं. आणि जे कळलं होतं ते चुकीचं होतं."

रेखाला यावर हसू आलं की रडू, ते बाईंना नीट दिसलं नाही, कारण तिनं त्यांच्याच पदरात तोंड खुपसलं. संजीव दारात उभा होता, आत यावं की नको या विचारात. जाळीच्या दारातून मिनी ओरडली, "डॅडी, यू ड्राइव्ह द ब्रेड ट्रक? कॅन आय कम?"

"ट्रक नाही गं, वॅगन आहे," संजीव म्हणाला, आणि मग तोही आत आला.

फादरांनी फोन केला. रेखानं उचलला. पाच मिनिटं ती एकटीच बोलत होती आणि पलीकडून बहुधा नुसती मान हलत असावी. फोन ठेवून ती म्हणाली, "येत्या शनिवारपासून मलाही बोलावलंय. का, ते नाही सांगितलं."

"म्हणजे मदत करायला की मदत घ्यायला?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"मी विचारलं. ते म्हणाले, त्यांनाही नक्की माहीत नाही."

पद्मिनीबाई खोलीत जाऊन वही घेऊन बसल्या. फादर रुमावांनी आपल्यासाठी काय केलं, हे त्यांना आजच्या पानावर लिहायचं होतं. दोनदा सुरुवात केली, पण वाक्य काही जमेना. शेवटी त्यांनी तारीख घातली, हवा लिहिली आणि खाली लिहिलं: कुकर उशिरा लावला, जेवायला नऊ वाजले. वरणात हिंग घालायचा राहिला.